लिंकवरून का घ्यायचं? गणपत गल्लीतल्या काउंटरची आठवण ठेवून दिलेलं उत्तर

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आलाय. थोडक्यात असा: "चटणी वाटता वाटता घरचा मिक्सर बंद पडला. नवीन घ्यायचाय. भाची म्हणते तुमच्या साईटवरच्या लिंकवरून घे. मिस्टर म्हणतात थेट ॲमेझॉनवर किंवा फ्लिपकार्टवर जा, मध्ये दलाल कशाला? किंमत तीच असेल तर लोक असल्या साईटवरून का घेतात? आणि तुम्हाला कमिशन मिळतं, मग तुमचं खरं कशावरून धरायचं?"

ताई, मिस्टरांचा शब्द बरोबर आहे. मी दलालच. नावाचा राग नाही, पण या दलालीत कोण कुणाला काय देतं ते आधी सांगतो. त्याशिवाय पुढचं पटायचं नाही.

मी साईटवर घरगुती वस्तूंबद्दल लेख लिहितो. माझ्याकडे गोदाम नाही, माल नाही, पैसेही माझ्या हातात येत नाहीत. तुम्ही माझ्या लेखातल्या लिंकवर बोट ठेवलंत की त्या मोठ्या दुकानाचंच पान उघडतं. पैसे तुम्ही त्यांना देता, बिल त्यांच्याकडच्या विक्रेत्याचं येतं, खोकं त्यांचा माणूस आणतो. लिंकच्या शेपटाला माझी खूण चिकटलेली असते एवढंच. त्या खुणेवरून दुकानाला कळतं की हे गिऱ्हाईक कुणी पाठवलं, आणि ते स्वतःच्या नफ्यातून मला काही टक्के देतं. ॲमेझॉनने ही पद्धत १९९६ पासून ठेवली आहे. त्यांच्याकडे खुणेची मुदत साधारण २४ तास. तेवढ्या वेळात तुम्ही मिक्सर सोडून चादर घेतलीत तरी त्या चादरीचे दोन-चार रुपये मला येतात. उद्या संध्याकाळी थेट ॲप उघडून मिक्सर घेतलात तर मला काही नाही. तुमच्या खिशाला दोन्हीकडे सारखंच.

म्हणजे किंमत हे कारण नाही. मग लोक माझ्याकडे का येतात?

ही साईट सुरू करायच्या आधी मी सहा वर्षं बेळगावच्या गणपत गल्लीतल्या एका इलेक्ट्रिक सामानाच्या दुकानात काउंटरला होतो. मिक्सर, इस्त्री, गिझर, पंखे. शनिवारी यळ्ळूर, उचगाव, कंग्राळीकडून बायका यायच्या. त्यांतली निम्मी मंडळी वस्तू ठरवून येत नसत, तक्रार घेऊन येत. "जुना लै तापतोय वो", "भांड्याखालनं पाणी गळतंय". आमचे मालक दहा मॉडेल कधी काढत नसत. आधी विचारायचे, घरात माणसं किती? दोशाचं पीठ मिक्सरवर वाटता की ग्राइंडर आहे? वर्षाचं तिखट डंकावर करता की घरी? मग दोन खोकी काउंटरवर ठेवायचे. बाईंचा हात तिसऱ्या, चकचकीत खोक्याकडे गेला की म्हणायचे, "वैनी, तो नका नेऊ. पुढच्या महिन्यात परत घेऊन याल आणि मलाच शिव्या द्याल."

त्या "नका नेऊ"वर ते दुकान चालायचं. नफा त्या तिसऱ्या खोक्यात जास्त होता, हे मला नंतर हिशेब लिहायला लागल्यावर कळलं.

आता मोठ्या ऑनलाइन दुकानात जाऊन "मिक्सर" असं लिहा. शेकड्यांनी मिक्सर समोर येतील. वरच्या काही ओळींवर बारीक अक्षरात "प्रायोजित" लिहिलेलं असतं, म्हणजे ती जागा विक्रेत्याने पैसे भरून घेतलेली. खाली सगळ्यांनाच चार-सव्वाचार तारे. प्रत्येकावर साठ टक्के सूट. सगळं चांगलंच असेल तर निवडायचं काय? तिथे "हा नका नेऊ" म्हणणारा कुणी नाही. दुकानाच्या दृष्टीने ते साहजिकच आहे, त्याला सगळंच विकायचंय. माझ्यासारख्याच्या पानावर लोक येतात ते ही निवड अर्धी कुणीतरी करून ठेवलेली मिळावी म्हणून. दोनशेचे चार झाले की उरलेलं माणूस स्वतः बघतो.

मिक्सरचंच उदाहरण जवळून दाखवतो, म्हणजे निवड करणं म्हणजे नेमकं काय ते दिसेल. ऑनलाइन दुकानात एकाच पानावर कधी कधी ५०० वॅट आणि ७५० वॅट, तीन भांडी आणि चार भांडी, लाल आणि पांढरा असे सगळे प्रकार एकत्र असतात, आणि रिव्ह्यूही एकत्र. वर दिसणारे सव्वाचार तारे मुख्यतः ५०० वॅटवाल्याचे असू शकतात आणि तुम्ही ७५० वॅटवाला घेत असता. प्रत्येक रिव्ह्यूच्या वर बारीक अक्षरात तो कोणत्या प्रकारचा आहे ते लिहिलेलं असतं, पण ते वाचतं कोण? मी वाचतो. पाच तारेवाले सोडून देतो, एक तारावाल्यांत निम्मे कुरिअरवर चिडलेले असतात, म्हणून दोन आणि तीन तारेवाले वाचतो. तिथे माणूस वस्तूबद्दल बोलतो. "सहा महिन्यांत कपलर झिजला" (कपलर म्हणजे मोटर आणि पातं जोडणारा तुकडा), "छोट्या भांड्याचं झाकण उडतं", "सुकं खोबरं वाटताना वास येतो". असे तीस-चाळीस वाचले की मिक्सरचा स्वभाव कळतो.

मग टोल फ्री नंबरला फोन लावतो. पिनकोड सांगतो, बेळगावचा ५९०००१. हो, सर्व्हिस आहे. पुन्हा फोन लावतो, आता ५९१३०२, म्हणजे तुमचं खानापूर. इथे उत्तर बदलतं. कुणी म्हणतं माणूस येईल, कुणी म्हणतं मशिन बेळगावला आणून द्या, कुणी हुबळीचा पत्ता देतं. पानावर सगळीकडे "दोन वर्षं वॉरंटी" एवढंच छापलेलं असतं. एसटीच्या पिशवीत मिक्सर घालून बेळगावला दोन खेपा माराव्या लागणार असतील, तर ती वॉरंटी वेगळी आणि दारात येणारी वेगळी. हे कुठल्याच मोठ्या दुकानाच्या पानावर मिळत नाही, आणि आपल्या भागातल्या माणसाला नेमकं हेच हवं असतं. पुण्या-मुंबईतल्या मोठ्या साईटवाल्यांना तरी खानापूरच्या पिनकोडशी काय घेणं?

भाषेचाही भाग आहे, पण लोक समजतात तेवढा मोठा नाही. २०२१ मध्ये फ्लिपकार्ट आणि ॲमेझॉन दोन्ही मराठीत आले. कन्नड त्याच्या आदल्या वर्षी आलं होतं. बटणं मराठीत झाली, त्याने माझ्या आईची सोय झालीच. वस्तूचं वर्णन मात्र बऱ्याचदा यंत्राने भाषांतर केलेलं असतं. "कोरडे दळणे भांडे" वाचून ती मला विचारते, "हे काय असतं रे?" चटणीचं भांडं म्हणालं की झालं. आपल्याकडे घरात मराठी, बँकेत इंग्रजी, ऑफिसात कन्नड असा कारभार. वस्तू घेताना तरी कुणी आपल्या बोलीत सांगितलं तर बरं वाटतं. पण नुसत्या मराठीवर कुणी दोन हजार रुपये खर्च करत नाही. लोक हुशार आहेत.

यापेक्षा मोठा गट सेल पाहणाऱ्यांचा. अमुक बँकेच्या कार्डावर दहा टक्के, तमुक कूपन टिक करा, जुनं द्या नवं घ्या, हे सगळं जोडून खरी किंमत किती पडते ते सांगणारी टेलिग्राम चॅनेलं आहेत, कॅशबॅकच्या साईटी आहेत. त्यांचाही धंदा माझ्यासारखाच, ॲफिलिएट, म्हणजे लिंकवरून गिऱ्हाईक पाठवून कमिशन घ्यायचं. कॅशबॅकवाले आपल्या कमिशनातला वाटा गिऱ्हाइकाला परत देतात, म्हणून तिथे खरोखर चार पैसे वाचतात. फक्त ते पैसे माल परत करायची मुदत संपल्यावरच पक्के होतात, आणि मधे दुसऱ्या कुणाच्या लिंकवर बोट पडलं तर खूण पुसली जाते. शेवटची खूण ज्याची, कमिशन त्याचं. आणि सूट बघताना छापील किमतीपासून मोजू नका. गेल्या तीन-चार महिन्यांत वस्तू कितीला विकली जात होती ते दाखवणारी साधनं आहेत, त्यांचा आलेख बघा. दिवाळीच्या "साठ टक्के सूट"मधली किंमत गणपतीच्या आधीही तेवढीच होती, असं मी अनेकदा पाहिलंय. माझ्या लेखांत किंमत लिहिलेली नसते याचं कारण हेच. ती दिवसातून दोनदाही बदलते, आणि हाताने लिहिलेली जुनी किंमत ठेवणं दुकानाच्या ॲफिलिएट कार्यक्रमाच्या नियमांतही बसत नाही.

आणि खरं सांगायचं तर अनेकांना आपण ॲफिलिएट लिंकवरून घेतलं हे माहीतच नसतं. गुगलवर "बेस्ट मिक्सर" टाकलं, पहिला लेख उघडला, "किंमत पाहा" असं बटण दाबलं, वस्तू आली. त्यांनी कुणाला निवडलेलं नसतं.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, जो जास्त महत्त्वाचा. कमिशन घेणाऱ्याचं खरं कशावरून?

सगळ्या वस्तूंवर कमिशन सारखं नसतं. मोबाईलवर अगदी किरकोळ, स्वयंपाकघरातल्या वस्तू आणि कपड्यांवर त्याच्या कैकपट. त्यामुळे एखादी साईट अचानक मोबाईल सोडून एअर फ्रायरबद्दल भरभरून लिहायला लागली तर लोकांना एअर फ्रायर हवाय असंच काही नाही. महाग वस्तू सुचवली तर जास्त मिळतं हे उघडच आहे. उलट बाजूही सांगतो. माल परत आला की माझं कमिशनही परत जातं. म्हणून परत येणार नाही असं सुचवण्यात माझाच स्वार्थ आहे. पण हा स्वार्थ आठ-दहा दिवसांचा! परतीची मुदत संपली, पैसे पक्के झाले, आणि तिसऱ्या महिन्यात मोटर जळली तर माझ्या खात्यातून काही कापलं जात नाही. तिथे मला धरून ठेवणारं एकच, तुम्ही मला ओळखता. टिळकवाडीत भाजी घेताना माणसं गाठतात.

असंच एकदा गाठलं गेलं. पाच-सहा वर्षांपूर्वी मे महिन्यात रेनकोटवर लेख लिहिला. पावसाआधी लिहिला तर विक्री होते, हा सरळ हिशेब. कंपनीने नमुना पाठवला होता. कापड चांगलं, चेन चांगली, आतल्या पिशवीत घडी बसते. बाथरूममध्ये शॉवरखाली उभा राहून फोटो काढले, कोरडा राहिलो, लिहून टाकलं की खानापूर-जांबोटीच्या पावसाला चालेल. चाळीसएक लोकांनी माझ्या लिंकवरून घेतला. जूनच्या शेवटच्या आठवड्यात जांबोटीहून एका मामांचा फोन. ते रोज मोटरसायकलवर कणकुंबीकडे जायचे. "तुमचा रेनकोट घातला आणि आत अंघोळ झाली की वो." मी जाऊन बघितला. कापडातून थेंब येत नव्हता, पण खांद्याच्या आणि मांडीच्या शिलाईवर आतून टेप मारलेली नव्हती. शॉवर वरून पडतो, दहा मिनिटं. चोर्ला घाटाच्या बाजूचा पाऊस समोरून येतो, तासभर, आणि गाडीच्या वेगाने शिलाईत घुसतो. परतीची मुदत केव्हाच संपली होती. मामांना मी माझ्या पैशाने दुसरा घेऊन दिला, बाकीच्यांना देऊ शकलो नाही. लेखाच्या वर लाल अक्षरात चूक लिहिली, ती अजून तशीच आहे. तेव्हापासून रेनकोटवरचा लेख मी ऑगस्टमध्ये लिहितो, म्हणजे एक पाऊस अंगावर घेतल्यावर. तेव्हा विक्री जवळजवळ संपलेली असते. कमिशनही तसंच येतं.

खोटा लेख ओळखायचा कसा हे लोक विचारतात. मी आधी बघतो की लेखात एखादी वस्तू घेऊ नका असं म्हटलंय का. दहाच्या दहा "उत्तम" असतील तर त्या माणसाने दहातलं एकही खोकं फोडलेलं नाही असं धरा. मग फोटो. सगळे पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे, कंपनीचेच असतील तर पुढे जा. वापरलेल्या मिक्सरच्या भांड्याला आतून चरे पडलेले असतात, रबराला हळदीचा रंग चढलेला असतो. असा एक तरी फोटो हवा. आणि कमिशन मिळतं हे त्याने वरच, साध्या शब्दांत सांगितलंय का? ते सांगणं आता मर्जीवर नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये नियमावली काढून पैसे, फुकट वस्तू किंवा कमिशन मिळत असेल तर ते दिसेल असं लिहिणं बंधनकारक केलं. दिशाभूल करणारी जाहिरात ठरली तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली पहिल्यांदा १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. नमुना फुकट आलेला असला तर तेही लिहावं लागतं. रेनकोटच्या लेखात मी ते लिहिलं नव्हतं, तेव्हा कुणी लिहीत नसे.

एक लक्षात ठेवा. वस्तू खराब निघाली तर तक्रार माझ्याकडे चालत नाही. माझं नाव बिलावर नाही. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे दुकानाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. नाही झालं तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. त्यापुढे जायचं तर नव्या कायद्यामुळे ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे बेळगावातच. विक्रेता गुरुग्रामचा असला तरी तुम्हाला तिकडे जावं लागत नाही. यासाठी बिलाची पीडीएफ आणि खोकं फोडतानाचा व्हिडिओ जपून ठेवा. विक्रेत्याचं नावही बघा, कारण एकाच पानावर सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा विक्रेता असू शकतो. मी लेख लिहिला तेव्हाचाच आज असेल याची हमी मी देऊ शकत नाही.

काही वस्तूंच्या लिंका मी देतच नाही, यावरून मित्र हसतात. इन्व्हर्टरची बॅटरी, गिझर, पाण्याचा पंप. या वस्तूंत बसवणारा माणूस वस्तूइतकाच महत्त्वाचा. गिझर ऑनलाइन तीनशे रुपये स्वस्त मिळतो, मग बसवायला माणूस येतो, पाईप वेगळा, व्हॉल्व्ह वेगळा, त्याला त्या गिझरची कंपनीच आवडत नाही, आणि गळायला लागला की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. रविवार पेठेत किंवा खानापूरच्या बाजारात ज्याच्याकडून घ्याल त्याचाच पोरगा येऊन बसवेल. तिथे घासाघीसही होते, ऑनलाइन कुणाशी करणार?

तर थेट घ्यायचं की लिंकवरून? मॉडेल नंबर आधीच ठाऊक असेल तर थेट घ्या. मिस्टर म्हणतात तसं, दलालाची गरज नाही. माझा लेख वाचून निवड केलीत आणि तरी मला पैसे जाऊ नयेत असं वाटलं, तर मॉडेल नंबर लिहून घ्या आणि दोन दिवसांनी ॲपमध्ये स्वतः शोधा. चोरी नाही ती. पुष्कळजण उलट करतात. थेट घेणार असतात, पण माझ्या लेखाने वेळ वाचला म्हणून मुद्दाम परत येऊन लिंकवरून घेतात. एका काकूंनी तर फोन करून विचारलं, "तुमच्या लिंकवरनं घेतलं, पोचले का पैसे?" मला कुणी काय घेतलं ते नावानिशी दिसत नाही, फक्त वस्तू आणि आकडा दिसतो. त्या दिवशी यादीत एक पुरणयंत्र होतं, ते त्यांचंच असावं. स्वतःसाठी मात्र मी स्वतःची लिंक वापरू शकत नाही, नियमात बसत नाही. घरचा कुकर बायकोने थेट घेतला, आणि मी ज्याला तिसरा नंबर दिला होता तोच घेतला.

आता तुमच्या मिक्सरचं. तुम्ही लिहिलंय, चटणी वाटता वाटता बंद पडला. जळका वास आला असं लिहिलेलं नाही. तेव्हा नवीन घ्यायच्या आधी प्लग काढा, मिक्सर थंड होऊ द्या आणि उलटा करून बघा. बुडाशी एक छोटं बटण असतं, बहुतेक लाल. मोटरवर जास्त भार आला की ते आपोआप बाहेर येऊन मिक्सर थांबवतं. ब्याडगी मिरची आणि सुकं खोबरं एकदम भरलं की असं होतं. बोटाने आत दाबा, अर्ध्या तासाने रिकामं भांडं लावून चालवून बघा. काउंटरला असताना दुरुस्तीला आलेले कितीतरी मिक्सर आम्ही नुसतं ते बटण दाबून परत दिलेत, मालक त्याचे पैसे घेत नसत. मोटर फिरते पण पातं फिरत नाही असं झालं तर कपलर गेलाय, तो पन्नासएक रुपयांत मिळतो, जुना सोबत न्या म्हणजे माप चुकणार नाही. हे दोन्ही नसेल आणि खरंच मोटर गेली असेल, तर मला एवढं कळवा: घरात माणसं किती, दोशाचं पीठ कशावर वाटता, आणि पावसाळ्यात संध्याकाळी दिवे मिणमिणतात का, म्हणजे व्होल्टेज कमी पडतं का. मग दोन नावं सांगतो.